छोटा गिटार ॲम्प गप्प झाला तर: सेल, जॅक आणि बाकीच्या भानगडी

पोर्टेबल गिटार ॲम्प बंद पडला की निदान आधीच तयार असतं: "आयसी उडालाय." आयसी (बोर्डावरची चिप) क्वचित उडतो. बहुतेक वेळा धातूला धातू टेकायला हवा तिथे तो टेकत नसतो, बस. सेलची स्प्रिंग, ॲडॅप्टरचा जॅक, गिटारचा जॅक, हेडफोनचा जॅक, पॉटच्या (व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या फिरत्या पार्टच्या) आतली पत्ती, असे कितीतरी टेकू एवढ्याशा डब्यात असतात. कोकणपट्टीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा त्या सगळ्यांवर निगुतीने काम करत राहतात. म्हणून खाली पार्ट बदलण्यापेक्षा जोड तपासण्यावर भर आहे.

पोर्टेबल म्हणजे इथे तीन जाती धरल्यात. एक, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारे, पट्ट्याला अडकवता येणारे, एखाद्या वॉटचे. दोन, सहा किंवा आठ पेन्सिल सेलांवरचे, साधारण पाच इंची स्पीकरवाले. रोलंडचा मायक्रो क्यूब हा त्यातला ओळखीचा चेहरा. तीन, आतच लिथियम किंवा लेड-ॲसिड बॅटरी असलेले, चार्ज करायचे. १९७३ साली आलेला पिगनोज हा दुसऱ्या जातीतला बुजुर्ग. त्याच्या पोटात साधे ट्रान्झिस्टर होते, आजच्यांत डिजिटल मॉडेलिंग, म्हणजे मोठ्या ॲम्पच्या आवाजाची चिपवर केलेली नक्कल असते. पण वीज आत यायची आणि आवाज बाहेर पडायची वाट तीच आहे, म्हणून बिघाडही तेच आहेत.

हत्यारं फार लागत नाहीत: साधा डिजिटल मल्टिमीटर, २५ वॉटची सोल्डरिंग इस्त्री, ६०/४० सोल्डर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, इअरबड. जॅक, पॉट, डायोड वगैरे मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत सुटे मिळतात. जाताना जुना पार्ट खिशात असू द्या. "हेडफोनचा जॅक द्या" म्हटलं तर दुकानदार दहा प्रकार पुढे ठेवतो आणि पायांमधलं अंतर एकाचंही जुळत नाही.

एक सूचना आत्ताच. ज्या ॲम्पमध्ये २३० व्होल्टची केबल थेट आत जाते, तो प्लग काढला म्हणून लगेच उघडू नका. आतल्या पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं आणि ते काही वेळ टिकतं. बाहेर ॲडॅप्टर असलेल्या ॲम्पना हा धोका नाही.

स्क्रू ड्रायव्हरच्या आधी

केबल ॲम्पला लावा, आवाज अगदी कमी ठेवा आणि केबलच्या मोकळ्या पिनच्या टोकाला बोट लावा. घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची घूं आपल्या अंगात उतरलेली असते. ती स्पीकरमधून आली तर ॲम्प आणि केबल दोन्ही ठीक आहेत, दोष गिटारमध्ये आहे. काहीच आलं नाही तर दुसरी केबल लावून पुन्हा तेच करा.

गिटारवर संशय असेल तर तीही केबलमधूनच मोजता येते. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण वर, मीटर २० किलोओहमवर, एक प्रोब पिनच्या टोकाला, दुसरी पिनच्या बुंध्याला. सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन पकडणारी कॉइल) साधारण ५ ते ८ किलोओहम दाखवतो, दोन कॉइलांचा हंबकर ७ ते १६. मीटरने रेंजबाहेरचा आकडा दाखवला तर कुठेतरी वायर सुटली आहे, शून्य दाखवलं तर शॉर्ट आहे. हे साध्या इलेक्ट्रिक गिटारसाठी. प्रीॲम्पवाली (आतच आवाज वाढवणारं सर्किट असलेली) सेमी-अकूस्टिक असेल तर मोजत बसू नका, तिच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी आधी बदला. ती उतरली की आवाज फाटका आणि बारीक येतो आणि आळ ॲम्पवर जातो. अशा गिटारमध्ये केबल लावून ठेवली की प्रीॲम्प चालूच राहतो, कारण स्टिरिओ जॅकमध्ये मोनो पिन घातल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर ग्राउंडला (सर्किटच्या सामाईक टोकाला) जोडली जाते. तोच तिचा स्विच. काही खिशातल्या ॲम्पमध्येही हीच युक्ती असते. रात्रभर केबल तशीच राहिली की सकाळी बॅटरी बसलेली.

आता ऑक्समधून (बाहेरचं गाणं आत घ्यायच्या जॅकमधून) मोबाइलवरचं गाणं लावा आणि हेडफोनही लावून बघा. ऑक्स वाजतो पण गिटार नाही, तर शोध इनपुट जॅकपाशी. हेडफोनमध्ये सगळं ऐकू येतं पण स्पीकर गप्प, तर हेडफोन जॅक किंवा स्पीकर. कुठेच काही नाही, तर वीज. एवढ्या तीन चाचण्यांनंतर बहुतेक वेळा बोर्डाकडे बघायची गरज उरत नाही.

वीज

सेल बाहेर काढून मोजलेला आकडा फसवतो. चौकोनी बॅटरी मोकळी मोजली तर ८.८ व्होल्ट दाखवते आणि ॲम्पला लावून कॉर्ड मारली की ६ वर येते. म्हणून मोजायचं ते भार देऊन. १०० ओहम, १ वॉटचा रेझिस्टर बॅटरीच्या दोन टोकांना पाच सेकंद धरा (सुमारे ९० मिलिॲम्पिअर जातात) आणि त्याच वेळी व्होल्ट वाचा. चांगली अल्कलाइन ८ च्या वर राहते. ७ च्या खाली आली तर ती संपली समजा. आणि वेष्टनावर "हेवी ड्यूटी" लिहिलेली बॅटरी घेऊ नका. ती झिंक-कार्बनच्या घराण्यातली असते, म्हणजे नाव सोनुबाई. ॲम्पला अल्कलाइनच लागते.

पेन्सिल सेलांचा ॲम्प चालू ठेवून, वाजवता वाजवता प्रत्येक सेल त्याच्या जागेवरच वेगळा मोजा. नवा अल्कलाइन १.५ च्या वर, १.२ म्हणजे थकलेला, १ च्या खाली संपलेला. सहापैकी पाच १.४ आणि एक ०.६ असं दिसलं तर तो एकच सगळ्यांना खाली ओढतोय. नव्यात जुना मिसळला की हेच होतं: संपलेल्या सेलमधून बाकीचे जबरदस्तीने करंट ढकलतात, त्याचे पोल उलटतात आणि तोच आधी गळतो. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे सहांचे ९ ऐवजी ७.२ होतात. बहुतेक ॲम्प त्यावर चालतात, फक्त बॅटरीचा दिवा लवकर लुकलुकतो आणि जोरात वाजवलं की आवाज लवकर फाटतो.

डिजिटल ॲम्पचं एक खास लक्षण: हळू वाजवलं तर सगळं ठीक, जोरात स्ट्रम केलं की क्षणभर बंद होऊन पुन्हा चालू. याला लोक सॉफ्टवेअरचा दोष समजून फॅक्टरी रीसेट करत बसतात. मोठा आवाज जास्त करंट मागतो, सेलचं व्होल्टेज खाली बसतं आणि आतला प्रोसेसर रीस्टार्ट होतो. नवे सेल घालून बघा. तरीही होत असेल तर स्प्रिंगांकडे बघा.

सेल गळले असतील तर आधी कुठले होते ते पाहा. अल्कलाइनमधून येणारी पांढरी भुकटी अल्कधर्मी असते, तिला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चालतो. झिंक-कार्बनमधला चिकट रस आम्लधर्मी, त्याला पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा. इअरबडवर थेंबभर घेऊन घासा, ओतू नका. नंतर पाण्याने ओला बड, मग अल्कोहोलचा, आणि तासभर वाळू द्या. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. हिरवा थर राहिला असेल तर बारीक पॉलिश पेपरने अलगद काढा, पण स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा पार घासून टाकू नका, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ती लाल होईल. स्प्रिंगच्या मागे सोल्डर केलेली वायरही ओढून पाहा. गळती वायरच्या तांब्यातून वर चढते. वरून वायर शाबूत दिसते आणि प्लॅस्टिकच्या आत काळी पडलेली असते. तशी असेल तर चकाकतं तांबं लागेपर्यंत मागे कापायची.

चुकीचा ॲडॅप्टर

घरात गोल पिनेचे पाच-सहा ॲडॅप्टर पडलेले असतात आणि त्यातला कुठला तरी ॲम्पमध्ये बसतोच. बसला म्हणजे जुळला असं नाही. गिटार पेडल आणि बरेचसे छोटे ॲम्प ९ व्होल्ट, सेंटर-निगेटिव्ह असतात: पिनेच्या आतल्या भोकात निगेटिव्ह, बाहेरच्या कड्यावर पॉझिटिव्ह. वायफाय राउटरचा ॲडॅप्टर बहुधा १२ व्होल्ट, सेंटर-पॉझिटिव्ह. दोघांची पिन बाहेरून ५.५ मिमी आणि आतून २.१ मिमी. म्हणजे राउटरचा ॲडॅप्टर लावला की ॲम्पला एकाच वेळी जास्त व्होल्टेज आणि तेही उलटं मिळतं. सगळे ॲम्प ९ व्होल्टचे असतात असंही नाही. ब्लॅकस्टार फ्लाय ३ ला ६.५ व्होल्ट लागतात, यामाहाच्या टीएचआर १० ला १५. जॅकजवळ छापलेलं चिन्ह वाचायचं: मधला ठिपका + किंवा − यांपैकी ज्या चिन्हाला जोडलाय तो मधल्या पिनेचा पोल. व्होल्टेज आणि पोल तंतोतंत हवेत. करंटचा आकडा मात्र सांगितलेल्यापेक्षा जास्त असला तरी चालतो, कमी असला तर नाही.

उलटा ॲडॅप्टर लागून ॲम्प मेला असेल तर लगेच आशा सोडू नका. बऱ्याच बोर्डांवर वीज आत येते तिथेच एक रक्षक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) असतो. तो ओळीत असेल तर उलट्या विजेला आत जाऊच देत नाही, बरोबर ॲडॅप्टर लावला की ॲम्प चालू होतो. तो आडवा, म्हणजे पॉझिटिव्ह आणि ग्राउंडच्या मधे असेल, तर उलट वीज स्वतःतून जाऊ देतो, तापतो आणि शॉर्ट होऊन मरतो. मग बरोबर ॲडॅप्टर लावला तरी सगळी वीज त्याच्यातूनच जाते. ॲडॅप्टर गरम, ॲम्प गप्प. सेल आणि ॲडॅप्टर दोन्ही काढून मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. चांगला साधा डायोड एका दिशेने ०.५ ते ०.७ दाखवतो, शॉट्की असेल तर ०.२ ते ०.३, आणि दुसऱ्या दिशेने काही नाही. दोन्हीकडून शून्य म्हणजे शॉर्ट. खात्रीसाठी त्याचा एक पाय बोर्डावरून सोडवून पुन्हा मोजा. आडव्या जागी १एन४००७ चालतो. ओळीतल्याच्या जागी १एन५८१९ घ्या, त्यात व्होल्टेज कमी पडतं आणि सेलवर तेवढाच फरक जाणवतो. डायोडवरची पट्टी कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो जुना काढण्याआधी घ्यायचा.

ॲडॅप्टरवर चालतो पण सेलवर नाही, ही तक्रार आली की सेल बदलत बसू नका. ॲडॅप्टरच्या जॅकला तीन पाय असतात. तिसरा पाय म्हणजे एक पत्ती. पिन आत गेली की ती बाजूला होते आणि सेलची वायर तोडते. सेंटर-निगेटिव्ह जॅकमध्ये सेलची पॉझिटिव्ह, म्हणजे बहुधा लाल वायर, या पत्तीवरून पुढे जाते. पत्ती काळी पडली किंवा वाकून दूर राहिली की जॅक रिकामा असतानाही सेल तुटलेलेच. पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, थोडा क्लीनर मारा, पुन्हा करा. नाही जमलं तर जॅक बदला. या पत्तीवर वायरचा तुकडा सोल्डर करून कायमचा पूल बांधायचा मोह होतो, तो टाळा. पूल बांधला की ॲडॅप्टर लावल्यावर वीज उलटी अल्कलाइन सेलमध्ये शिरते. ते सेल चार्ज होण्यासाठी बनलेले नाहीत. गळतात, कधी फुटतात.

चार्ज करायचे ॲम्प

यूएसबी-सीचा ॲम्प चार्ज होत नाही म्हणून बॅटरीला दोष देण्याआधी केबल बदला, आणि तीही विशिष्ट प्रकारे. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर नाही पण एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी-ए असलेल्या केबलवर चार्ज होतो, असं दिसलं तर ॲम्पच्या जॅकपाशी असायला हवेत ते ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बनवणाऱ्याने वाचवलेत. ते नसले की सी चार्जरला पलीकडे कुणी आहे हे कळतच नाही आणि तो वीज सोडत नाही. उपाय म्हणजे जुन्या टोकाची केबल जन्मभर जपणे.

लिथियम सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, रिकामा ३ च्या आसपास. ॲम्प महिनोन्‌महिने कपाटात पडला तर तो अडीचच्याही खाली जातो आणि संरक्षक सर्किट त्याला तोडून टाकतं. अशा सेलला थेट वायरी लावून "जागं" करायचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील; ऐकू नका, पॅक बदला. पॅक फुगलेला दिसला तर दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. ई-कचऱ्यात द्या.

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिडवाल्यांचं सोपं आहे. रात्रभर चार्ज करून दोन-तीन तास तसाच ठेवा आणि मोजा. १२.७ च्या आसपास म्हणजे ठीक, १२.४ गाठत नसेल, किंवा वाजवताना ११ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी गेली. रिकामी ठेवल्याने प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ते परत जात नाही. गणपती ते पुढचे गणपती एवढाच वापर असेल तरी महिन्याला एकदा चार्ज करा. बदलताना तेवढ्याच ॲम्पिअर-अवरची घ्या, आणि नवी बसवताना दोन्ही टोकं स्पॅनरने एकदम टेकणार नाहीत हे बघा.

जॅक

हेडफोनमध्ये सुरेख वाजतो आणि स्पीकरमधून चकार शब्द नाही, हा या ॲम्पचा सर्वात ठराविक बिघाड. हेडफोन जॅक उघडून भिंगाखाली धरला तर आत पितळेची एक लांब पत्ती दिसते. तिच्या पाठीला दुसरी आखूड पत्ती टेकलेली असते. पिन आत आली की लांब पत्ती केसभर उचलली जाते आणि आखूड पत्तीपासून सुटते. स्पीकरकडे जाणारा सगळा करंट त्या टेकलेल्या ठिपक्यातून जातो, आणि तो ठिपका मोहरीएवढाही नसतो. त्यावर काळा थर चढला, किंवा महिनोन्‌महिने हेडफोन लावून ठेवल्याने पत्तीचा ताण गेला, की ॲम्पला वाटतं हेडफोन अजून लावलेलाच आहे. आवाज बारीक येणं, मध्येच जाणं, ॲम्पवर थाप मारली की परत येणं, ही त्याच दुखण्याची आधीची लक्षणं.

ॲम्प बंद करून जॅकमध्ये क्लीनरचा छोटासा फवारा मारा आणि पिन वीसेक वेळा आत-बाहेर करा. पाच मिनिटं वाळू द्या. निळ्या डब्यातला साधा डब्ल्यूडी-४० इथे वापरू नका, तो तेलकट थर सोडतो आणि त्यावर धूळ बसते. त्याच नावाचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो. एवढ्याने झालं नाही तर बोर्ड काढून जॅकच्या पायांमध्ये मीटरवर कंटिन्युइटी (जोड आहे की नाही) बघा: पिन बाहेर असताना दोन पायांत बीप, पिन आत असताना नाही. बीप येत नसेल तर जॅक बदला. हेडफोन कधीच लागत नसेल तर त्या दोन पायांमध्ये वायरचा तुकडा जोडून स्पीकर कायमचा चालू ठेवता येतो. ॲडॅप्टर जॅकवरच्या पुलासारखा हा धोकादायक नाही, फक्त हेडफोन लावला तरी स्पीकर वाजत राहील.

हेडफोनमध्ये गाण्याचं संगीत येतं आणि गाणारा गायब होतो, हेही ऐकण्यासारखं प्रकरण आहे. पिनेच्या बुंध्याचा ग्राउंड टेकत नसला की डाव्या-उजव्यातला फक्त फरक कानात पोचतो. गायक बहुधा दोन्हींत सारखा असतो, म्हणून तोच वजा होतो. जॅकच्या ग्राउंडच्या पायाला सोल्डर करा.

आणखी एक. हेडफोन जॅकमधून मिक्सरला आवाज द्यायचा असेल तर गिटारची मोनो केबल लावू नका. मोनो पिन स्टिरिओ जॅकचा उजवा चॅनल थेट ग्राउंडला शॉर्ट करते, आणि सगळीच हेडफोन सर्किटं ते मुकाट्याने सोसतात असं नाही. स्टिरिओ पिन घेऊन फक्त टोकाची आणि ग्राउंडची वायर पुढे न्या.

गिटारच्या जॅकचं दुखणं वेगळं. तो मोठा, ६.३५ मिमीचा, आणि त्याला लोंबणारी केबल सतत ओढत असते. स्वस्त ॲम्पमध्ये जॅक थेट बोर्डावर बसवलेला असतो, म्हणून ओढ येते ती सोल्डरवर. केबल हलवली की करकर, एका ठराविक कोनात धरली की ठीक. बोर्ड तिरका धरून उजेडात जॅकचे पाय बघा. पायाभोवती बारीक काळं वर्तुळ दिसलं तर सोल्डर तडकलंय. जुनं सोल्डर शोषून काढा, थोडा फ्लक्स लावा आणि नवा डाग द्या. प्रत्येक पायाला दोन-तीन सेकंद पुरे. जास्त वेळ इस्त्री टेकवली तर बोर्डावरची तांब्याची पट्टी सुटून येते आणि पाच मिनिटांचं काम तासाभराचं होतं. जोडून झालं की बाहेरचा नट नीट आवळा. ओढ त्याने घ्यायची असते. तो ढिला होता म्हणूनच सोल्डर तडकलं.

खरखर आणि घूं

व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर पॉटच्या पायांवरच्या फटीतून क्लीनरचा थेंब आत सोडा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. परत येत राहिली तर कार्बनचा पट्टा झिजलाय, पॉट बदला. अंगावरचं अक्षर आणि आकडा दोन्ही जुळवा: ए१० के आणि बी१० के यांचा ओहम तोच पण चाल वेगळी. व्हॉल्यूमच्या जागी ए च्या ऐवजी बी बसवला तर सगळा आवाज पहिल्या थोड्याशा फिरवण्यातच येऊन जातो. नवा पॉटही पहिल्या दिवसापासून खरखरला तर पॉटवर डीसी येतंय. त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतोय, तो बदला.

घूं कुठून येते हे ठरवायला ॲम्प सेलवर चालवा. घूं गेली तर ॲडॅप्टर दोषी. जड ट्रान्सफॉर्मरवाला अनरेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर न ठेवणारा) ९ व्होल्टचा ॲडॅप्टर भार नसताना १२-१३ व्होल्ट देतो आणि त्यावर १०० हर्ट्झची लाट असते, रेग्युलेटेड घ्या. ऑक्सला मोबाइल लावलाय, मोबाइल चार्जिंगला आहे आणि ॲम्पही ॲडॅप्टरवर आहे, तेव्हाच किरकिर येते, तर तो ग्राउंड लूप. मोबाइलचा चार्जर काढा. तेवढं जमत नसेल तर ऑक्सच्या वायरीत आयसोलेटर घाला.

सेलवरही राहिली तर ॲम्प सोडा आणि खोलीकडे बघा. आपल्याकडच्या घरांतला पहिला आरोपी पंख्याचा रेग्युलेटर. गोल-गोल अखंड फिरणारा छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट दर अर्ध्या फेरीला कापतो, आणि त्या कापण्याचा झर्रर्र आवाज सिंगल कॉइल पिकअप सहज पकडतो. पंखा पूर्ण वेगावर टाका किंवा बंद करा. आवाज गेला तर चोर सापडला. टक-टक करत चार-पाच पायऱ्यांवर फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर असा त्रास देत नाही. त्यानंतर एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर आणि लॅपटॉपचा चार्जर. मोबाइल जवळ ठेवल्यावर येणारं टिट्-टिटिट्-टिट् हे टू-जीचं काम, तो दोन हात लांब ठेवा.

गिटारच्या तारांना हात लावल्यावर घूं कमी होते, हे ठीक लक्षण आहे. तारांना हात लावून फरक पडत नाही पण केबलच्या पिनेच्या धातूला लावल्यावर कमी होते, तर गिटारच्या ब्रिजची ग्राउंड वायर सुटली आहे. चार्जिंगला लावलेल्या ॲम्पवर वाजवताना तारांतून झिणझिण्या आल्या तर तो दोन पिनांचा चार्जर काढून ठेवा आणि चांगला घ्या. तोवर फक्त बॅटरीवर वाजवा.

गिटार ॲम्पमधून आकाशवाणी ऐकू येणं हा प्रकार लांब केबलवर खरोखर होतो. इनपुट जॅकच्या टोकाच्या पायापासून बोर्डाकडे जाताना १ किलोओहमचा रेझिस्टर ओळीत आणि त्याच्या बोर्डाकडच्या बाजूपासून ग्राउंडला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा. गिटारच्या आवाजाला त्याचा पत्ताही लागत नाही.

स्पीकर आणि झणझण

स्पीकरची एक वायर सोडवून ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर डीसीवर साधारण ६ ते ७.५ दाखवतो, ४ ओहमचा ३.२ ते ३.८. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, किंवा पडद्यापासून टर्मिनलपर्यंत येणारी विणलेली मऊ वायर तुटली. दुसरं असेल तर जोडता येतं. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की टक् होऊन पडदा हलायला हवा. मग दोन्ही हातांची बोटं पडद्याच्या मध्याभोवती ठेवून अगदी हलकेच आत दाबा. आत घासल्यासारखं जाणवलं तर कॉइल वाकडी झाली आहे. त्याला घरगुती उपाय नाही. नवा स्पीकर घेताना ओहम तोच हवा. ८ च्या जागी ४ लावला तर आवाज थोडा वाढतो, पण करंट दुप्पट जातो, सेल लवकर संपतात आणि आयसी तापतो.

पडदा फाटला असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा आणि थोडं पाणी मिसळलेला फेव्हिकॉल, मागून एकच थर. कडेच्या रबराला फेव्हिकॉल लावू नका, तो कडक होतो.

एखाद्याच सुरावर झणझण येते, बाकी ठीक, तर तो बहुधा विजेचा दोष नसतोच. हेडफोन लावा. झणझण गेली तर काहीतरी सैल आहे. जाडी तार धरून एकेक फ्रेट वर जा, झणझण येते तो सूर सापडला की तोच वाजवत राहा, आणि दुसऱ्या कुणाला तरी जाळी, नॉब, हँडल, मागचं झाकण, सेलच्या कप्प्याचं दार एकेक करून बोटाने दाबायला सांगा. सेलच्या कप्प्याच्या दाराखाली फोमची पट्टी चिकटवणं ही या लेखातली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती.

बोर्ड

इथपर्यंत काही सापडलं नाही, तरच. खिशातल्या साध्या ॲम्पमध्ये आठ पायांचा एलएम ३८६ असण्याची शक्यता दांडगी. खुणेच्या ठिपक्यापासून उलट्या घड्याळी दिशेने पाय मोजा. ९ व्होल्टवर सहाव्या पायावर ९ व्होल्ट हवेत, चौथा ग्राउंड, आणि पाचव्यावर, जिथून आवाज बाहेर पडतो तिथे, बरोबर निम्मे म्हणजे ४.५ च्या आसपास. पाचव्यावर पूर्ण ९ किंवा शून्य असेल तर आयसी गेला. ४.५ असूनही आवाज नाही, तर पुढचा २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर किंवा पुन्हा तो हेडफोन जॅक. आयसी बदलताना आठ पायांचं सॉकेट बसवा, पुढच्या वेळी सोल्डर काढावं लागणार नाही. याच्या एन-१ प्रकाराला १२ व्होल्टपर्यंतच चालवायचं, एन-४ ला १८ पर्यंत. अनरेग्युलेटेड ॲडॅप्टरने जुने ॲम्प का मरतात ते यातून कळावं.

न वाजवताही आयसी गरम होतोय आणि बॅटरी तासाभरात उतरते, तर तो आपल्याला ऐकू न येणाऱ्या वारंवारितेवर आंदोलन करतोय. पाचव्या पायापासून ग्राउंडला १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ओळीत आहेत का बघा. स्वस्त बोर्डांवर ते गाळलेले असतात. बॅटरी उतरत आली की फट्-फट्-फट् असा बोटीच्या इंजिनासारखा आवाज येत असेल तर सहाव्या पायाजवळचा मोठा कपॅसिटर सुकलाय. १०० ते २२० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा नवा लावा, पट्टीची बाजू ग्राउंडला.

डिजिटल ॲम्पच्या बोर्डावर, जिथे पार्ट तांदळाच्या दाण्याएवढे आहेत, तिथे जॅक, पॉट, डायोड आणि वायरी एवढंच घरी करा. ब्लूटूथवरून हेडफोनमध्ये गिटार उशिरा ऐकू येते ही तर दुरुस्तीची बाबच नाही. तो उशीर ब्लूटूथच्या पद्धतीत आहे, वायरचा हेडफोन लावा.

झाकण लावण्याआधी ॲम्प उघडाच असताना सेल घालून पाच मिनिटं वाजवून बघा. स्पीकरच्या वायरी झाकणाखाली चिमटणार नाहीत अशा बाजूला टेपने बसवा. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू आधी उलटा फिरवायचा, टक् करून जुन्या आट्यात बसला की मग सुलटा. लाकडी खोक्यातलं भोक सैल झालं असेल तर आगकाडीचा तुकडा फेव्हिकॉलमध्ये बुडवून आत ठोका, वर आलेला भाग ब्लेडने कापा आणि स्क्रू दुसऱ्या दिवशी लावा.